जॉन स्मिथ नावाचा नागपूरकर

मुलांनो, 'जॉन स्मिथ' म्हटलं की डोळ्यांपुढे हॅट घातलेला गोरा साहेब उभा राहतो, नाही का? पण १९३७-३८ साली स्पेनमध्ये या नावाचा एक शिपाई लढत होता आणि तो चक्क नागपूरचा मराठी माणूस होता! त्यांचं खरं नाव गोपाळ मुकुंद हुद्दार. मित्र त्यांना बाळाजी म्हणत.

स्पेनमध्ये तेव्हा यादवी युद्ध पेटलं होतं. श्रीकृष्णाचे यादव आपसात लढून संपले, त्यावरून हा शब्द आला. एकाच देशातली, कधीकधी एकाच घरातली माणसं एकमेकांवर बंदूक रोखतात, ती यादवी. जुलै १९३६ मध्ये लोकांनी निवडलेल्या सरकारविरुद्ध काही सेनापतींनी बंड केलं. फ्रँको हा त्यांचा पुढारी. त्याला हिटलर आणि मुसोलिनीनं विमानं, रणगाडे, सैनिक पुरवले. इंग्लंड-फ्रान्सची सरकारं मात्र 'आम्ही मध्ये पडणार नाही' म्हणून गप्प बसली.

सरकारं गप्प बसली, माणसं बसली नाहीत. पन्नासहून जास्त देशांतून सुमारे ३५ हजार स्वयंसेवक मदतीला धावले. कुणी खाणकामगार, कुणी विद्यार्थी, कुणी कवी. त्यांच्या पलटणींना 'आंतरराष्ट्रीय ब्रिगेड' म्हणत.

हुद्दारांचा जन्म १९०२ चा. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे ते पहिले सरकार्यवाह. १९३१ च्या बालाघाट दरोड्याच्या खटल्यात त्यांनी तुरुंगवासही भोगला. सुटल्यावर पत्रकारिता शिकायला ते लंडनला गेले. तिथे स्पेनच्या बातम्या रोज कानांवर पडत होत्या. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये ते थेट ब्रिगेडमध्ये दाखल झाले. ब्रिटिश सरकारनं असं लढायला जाण्यावर बंदी घातली होती, म्हणून नाव बदललं. आपल्याकडे 'राम पाटील' सांगावं तसं हे 'जॉन स्मिथ'!

स्पेनला जाणं सोपं नव्हतं. फ्रान्सची सरहद्द बंद होती. बहुतेक स्वयंसेवक रात्रीच्या अंधारात, दिवा न लावता, पिरेनीज पर्वत पायी ओलांडत. जुन्नर-कळंबकडच्या मुलांनी शिवनेरी चढताना लागलेला दम आठवावा. इथे तर डोंगरामागे डोंगर, आणि पहारेकऱ्यांची भीती वेगळीच!

हुद्दार ब्रिटिश बटालियनमध्ये होते. गंमत म्हणजे तिला नाव दिलं होतं शापुरजी सकलातवाला यांचं. मुंबईत जन्मलेले हे पारशी गृहस्थ ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेले होते.

१९३८ च्या वसंतात फ्रँकोच्या फौजांनी मोठा हल्ला चढवला. एप्रिलच्या सुरुवातीला गांडेसा गावाजवळ हुद्दार शत्रूच्या हाती लागले. बुर्गोसजवळच्या एका जुन्या मठात शेकडो परदेशी कैदी कोंबलेले होते, तिथे त्यांची रवानगी झाली. पोटभर अन्न नाही, अंगावर उवा, पाठीवर छड्या. तरीही कैदी बुद्धिबळाचे सामने भरवत, एकमेकांना शिकवत, हातानं लिहून वर्तमानपत्र काढत!

त्याच वर्षाच्या अखेरीस हुद्दारांची सुटका झाली. नोव्हेंबरमध्ये लंडनच्या भारतीयांनी त्यांचा सत्कार केला. मग ते मायदेशी परतले आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. विचारांची वाट बदलली, पण देशाच्या स्वातंत्र्याची ओढ तीच राहिली.

ज्यांच्यासाठी ते लढले ते सरकार मात्र १९३९ मध्ये हरलं. फ्रँकोची हुकूमशाही १९७५ पर्यंत टिकली. पुढे १९९६ साली स्पेनच्या संसदेनं हयात असलेल्या स्वयंसेवकांना आपलं नागरिकत्व देऊ केलं. हुद्दार १९८१ मध्येच गेले होते.

ना पदक, ना जय, रणांगणावर स्वतःचं नावसुद्धा नाही! मग हे सारं त्यांनी कशासाठी केलं असेल? आज रात्री जेवताना आईबाबांना हा प्रश्न विचारा. बघा, घरात काय चर्चा रंगते ती!