स्पीकरची तार : किती जाड, किती महाग?

घरात गाणी ऐकण्याची नवी यंत्रणा आली, की ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत कोणती तार टाकावी, हा प्रश्न येतोच. बाजारात साध्या दुपदरी तारेपासून मीटरला हजारो रुपये किमतीच्या तारेपर्यंत सर्व काही मिळते. महाग तारेने आवाज 'खुलतो' असेही सांगितले जाते. हा दावा तपासायला शाळेत शिकवला जाणारा ओहमचा नियम पुरेसा आहे.

तारेचा रोध लांबीच्या समप्रमाणात वाढतो, तर छेदाच्या क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या, एक मीटर लांब तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७ ओहम असतो. चिंचवडमधील एखाद्या सदनिकेत स्पीकर ॲम्प्लिफायरपासून पाच मीटर अंतरावर आहे असे समजू. विद्युतधारा जाऊन परत येते. म्हणून लांबी धरायची दहा मीटर, आणि रोध ०.१७ ओहम. स्पीकर ८ ओहमचा असेल तर तारेत सुमारे २ टक्के शक्ती वाया जाते. आवाजातला हा फरक ०.२ डेसिबेलहूनही कमी आहे. तो कानाला जाणवत नाही.

आता शाळेच्या स्नेहसंमेलनाचा विचार करू. स्पीकर पंधरा मीटर दूर आहे आणि तार ०.२ चौरस मिलिमीटरची, म्हणजे अगदी बारीक. रोध होतो सुमारे अडीच ओहम! ॲम्प्लिफायरने दिलेल्या शक्तीचा जवळजवळ पाव हिस्सा नुसती तार तापवण्यात जातो. शिवाय स्पीकरचा विरोध प्रत्येक स्वराला सारखा नसतो. त्यामुळे रोध मोठा असला की आवाजाचा पोतही बदलतो. तारेचा एकूण रोध स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवावा, हा सोपा नियम. घरासाठी दीड चौरस मिलिमीटरची तार बहुधा पुरते. अंतर मोठे किंवा स्पीकर ४ ओहमचा असल्यास अडीचची घ्यावी.

ही तार बनते कशी? १९५८ साली पुण्यात सुरू झालेल्या फिनोलेक्सचा केबलचा कारखाना पिंपरीत मुंबई-पुणे रस्त्यालगत उभा राहिला. केबलच्या कारखान्यात तांब्याची साधारण ८ मिलिमीटर जाडीची कांब एकापेक्षा एक लहान छिद्रांतून ओढत बारीक करतात. पाव मिलिमीटर जाडीपर्यंत ओढली, तर एक मीटर कांबेची एक किलोमीटरहून अधिक तार होते. ओढताना कडक झालेले तांबे तापवून मऊ करतात, अनेक तंतू एकत्र पिळतात आणि वर पीव्हीसीचे आवरण चढवतात. तंतू अनेक असल्याने तार लवचीक होते. संगीत गोड होत नाही. 'ऑक्सिजनमुक्त' तांब्याची वाहकताही विजेच्या साध्या तांब्यापेक्षा जेमतेम एक टक्क्याने जास्त असते.

डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारा अगदी सारख्या लांबीच्या हव्यात का? एक मीटर जादा तारेने विद्युतसंकेताला सुमारे ५ नॅनोसेकंद उशीर होतो. तेवढ्या वेळात ध्वनी हवेत दोन मायक्रोमीटरही जात नाही!

जपायचे ते दुसऱ्याच गोष्टींना. काही स्वस्त तारांत ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. ॲल्युमिनियमची रोधकता तांब्याच्या दीडपटीहून जास्त आहे. एक तंतू ब्लेडने खरवडावा. आत पांढरा धातू दिसला तर ती तार तांब्याची नव्हे. जोडणी घट्ट असावी. दोन्ही स्पीकरना तांबडे टोक तांबड्याला, काळे काळ्यालाच जोडावे. एका स्पीकरची टोके उलटी झाली तर खर्जाचा आवाज दुबळा होतो.

वर्गात एक प्रयोग करून घ्यावा. बॅटरीचा बल्ब, अमीटर आणि दहा मीटर तार एकसरीत जोडा. तारेच्या दोन टोकांमधील विभवांतर मल्टीमीटरच्या मिलिव्होल्ट पट्टीवर मोजा आणि त्याला धारेने भागा. स्वस्त-महाग तारांचे रोध मुलांनीच फळ्यावर मांडावेत, शेजारी दर मीटरची किंमत लिहावी. कोणती तार घ्यायची, हे मग दुकानदाराला विचारावे लागणार नाही.