आखातातले ठिपके

१९८० च्या सुमारास अमेरिकेच्या ‘नोआ’ या हवामान-सागर संस्थेत मायकेल मॅटसन उपग्रहाची रात्रीची चित्रं न्याहाळत होते. चित्र होतं इराणच्या आखाताचं, आणि त्यात नको तिथे ठिपके. अवरक्त किरणांच्या ११ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यात तीच जागा पाहावी, तर तिथे काहीच विशेष नाही. सगळा गोंधळ ३.८ मायक्रॉनच्या पट्ट्यात. यंत्र बिघडलं असावं, असंच कुणालाही वाटेल.

ही चित्रं टिपणारा उपग्रहावरचा संवेदक मुळात आगीसाठी नव्हताच. ढग आणि समुद्राचं तापमान पाहायला वर धाडलेला. त्याचा एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा १.१ किलोमीटरचा चौकोन. एवढा अख्खा चौकोन कसा पेटेल?

मॅटसन यांच्या जोडीला आले जेफ डोझियर. (हे गृहस्थ बर्फाचे अभ्यासक!) चौकोन पेटायची गरजच नव्हती. साध्या जमिनीशी तुलना केली, तर हजार केल्विनची ज्वाळा ११ मायक्रॉनला जेमतेम तीसपट प्रखर असते, ३.८ ला मात्र हजारो पटींनी. त्यामुळे चौकोनाचा हजारावा भाग, म्हणजे बाराएक गुंठेच जळत असले, तरी एका पट्ट्यात पिक्सेल लख्ख उजळतो आणि दुसऱ्यात फरक पडला न पडल्यासारखा. दोन पट्टे, दोन समीकरणं. त्यांतून आगीचं तापमानही निघतं आणि आकारही. आखातातले ते ठिपके होते तेलक्षेत्रांवर जाळून टाकल्या जाणाऱ्या वायूच्या ज्वाळा! १९८१ मध्ये हे छापून आलं.

जे वायूला लागू, तेच वणव्याला. १९९९ मध्ये ‘टेरा’ उपग्रहावरून ‘मोडिस’ हा संवेदक गेला, तो मात्र आगीही टिपायच्या हे ठरवूनच. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेनं २००४ पासून त्याच्या नोंदी राज्यांच्या वनखात्यांना कळवायला सुरुवात केली. पुढे आलेल्या ‘व्हिअर्स’ या संवेदकाचा पिक्सेल ३७५ मीटरचा.

ठिपका नुसता दिसून भागत नाही; तो कुणाच्या हद्दीत पडतो, ते नकाशाच सांगतो. मार्चमध्ये मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून कुणी झाडाखालचा पाचोळा पेटवतं, वारा सुटतो, आणि ठिपक्याचे अक्षांश-रेखांश वनरक्षकाच्या बीटच्या, म्हणजे त्याच्या गस्तीच्या भागाच्या, हद्दीवर बसवून संदेश त्याच्या मोबाइलवर येतो. तरी हे उपग्रह डोक्यावरून जातात ते ठरावीक वेळीच. मधल्या तासांत धूर पाहायला टेहळणीच्या मनोऱ्यावर माणूसच लागतो. आणि ठिपका वणव्याचा की वीटभट्टीचा, याचा निकाल वनरक्षक तिथे पोचल्यावरच लागतो.