संदर्भ हवा

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यावर लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. लिहिलेले टिकायला मात्र संदर्भ लागतो. तो नसेल तर वाक्याच्या शेवटी कोणीतरी ‘संदर्भ हवा’ असा शेरा लावून जातो.

शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेचे उदाहरण घ्यावे. एखाद्या संपादकाच्या हाती जुने पुस्तक असते, त्यात १६२७ साल असते. तो लेखातले १६३० खोडतो, दुसरा ते परत आणतो. नंतरच्या काळातल्या काही बखरी शके १५४९ सांगतात. जेधे शकावली आणि परमानंदाचे ‘शिवभारत’ मात्र फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी देतात. शिवभारत महाराजांच्या हयातीतले, म्हणून त्याचे वजन जास्त. पण हा निवाडा संपादकाने स्वतः करायचा नसतो. ज्या इतिहासकाराने ही साधने ताडून पाहिली, त्याचे पुस्तक, आवृत्ती आणि पृष्ठ क्रमांक द्यायचा, आणि जुन्या मताचीही नोंद ठेवायची. नव्या माणसाला हे पटायला सर्वांत जड जाते.

साधनाची पारख सोपी नाही. गावच्या देवस्थानाची पत्रिका यात्रेच्या तिथीसाठी चालते, ‘महाराष्ट्रातील सर्वांत प्राचीन मंदिर’ या दाव्यासाठी नाही. लोकसंख्येसाठी जनगणनेचाच आकडा हवा, तोही सालासकट. केतकरांचा ज्ञानकोश मोलाचा, पण त्यातली आकडेवारी शंभर वर्षांपूर्वीची. मराठी विश्वकोशाचा संदर्भ द्यावा, उतारे उचलू नयेत. बातमीचा धोका निराळाच: वार्ताहराने विकिपीडियावरूनच मजकूर घेतलेला असतो आणि पुढे तीच बातमी त्या मजकुराचा पुरावा म्हणून जोडली जाते. बातमी आधीची की विकिपीडियावरचे वाक्य, हे तारखा लावून पाहिले की उलगडते.

वाद झाला की लेखात खोडाखोड थांबवून ‘चर्चा’ पानावर जायचे. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे बदल उलटवणाऱ्या सदस्यावर बंदी येऊ शकते, मग त्याचे म्हणणे बरोबर का असेना. चर्चेत ‘तुम्हाला इतिहास कळत नाही’ असे लिहिणाऱ्याला उत्तर मिळते ते त्याच भाषेत. ‘आपण कोणती आवृत्ती पाहिली? माझ्याकडच्या आवृत्तीत त्या पानावर हा मजकूर सापडला नाही’ असे विचारले तर समोरचा बहुधा पुस्तक काढून बघतो. निरोपाखाली सही करावी आणि बदल करताना एका ओळीत कारण लिहावे; निम्मी भांडणे ती ओळ नसल्यामुळेच होतात.

ज्यांच्या कपाटात जिल्ह्याचे गॅझेटियर पडून आहे, त्यांनी नवा लेख लिहायला घेण्याआधी आपल्या तालुक्याच्या पानावरच्या एका तरी ‘संदर्भ हवा’ला पृष्ठ क्रमांक द्यावा.