संगणकीय रेणू-प्रतिरूपण आणि औषधसंशोधन : झानामिवीरच्या संदर्भात

नवीन औषधाचा शोध ही दीर्घकाळ चालणारी व खर्चिक प्रक्रिया आहे. पूर्वी असंख्य संयुगे एकामागून एक तपासली जात आणि त्यांतून एखादे उपयुक्त ठरे. रोगाशी संबंधित प्रथिनाची त्रिमितीय रचना ज्ञात असल्यास त्यात कोणता रेणू बसेल, याचा अंदाज आता संगणकावर आधीच बांधता येतो. या पद्धतीस रेणू-प्रतिरूपण म्हणतात. प्रस्तुत लेखात इन्फ्लुएन्झावरील झानामिवीर या औषधाच्या आधारे या पद्धतीचे सामर्थ्य व मर्यादा यांचा विचार केला आहे.

इन्फ्लुएन्झा विषाणूच्या पृष्ठभागावर न्यूरामिनिडेज हे विकर असते. नव्याने तयार झालेले विषाणू पेशीवरील सायालिक आम्लाला चिकटून राहतात. हे विकर ते आम्ल छाटून टाकते व विषाणू मोकळे होतात. विकर रोखल्यास संसर्गाचा प्रसार मंदावतो. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियातील पीटर कोलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरण स्फटिकलेखनाद्वारे या विकराची रचना प्रसिद्ध केली. विषाणूचे वाण बदलले तरी विकराच्या क्रियास्थळातील अमिनो आम्ले जवळजवळ तीच राहतात, ही गोष्ट औषधाच्या दृष्टीने फार मोलाची होती.

सायालिक आम्लापासून मिळणारे एक संयुग या विकराला रोखते हे आधीच ज्ञात होते. परंतु त्याचा प्रभाव क्षीण होता. मार्क फॉन इट्झस्टाईन यांच्या गटाने पीटर गुडफर्ड यांची ‘ग्रिड’ ही आज्ञावली वापरली. ही आज्ञावली एखादा रासायनिक गट क्रियास्थळातील प्रत्येक बिंदूवर ठेवून पाहते आणि तेथील आंतरक्रियेची ऊर्जा मोजते. रेणूच्या चौथ्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गटाच्या जागी धनप्रभारित गट आल्यास तो दोन ग्लुटामिक आम्लांच्या ऋणप्रभाराकडे खेचला जाईल, असे त्यातून दिसले. अमिनो गट जोडताच प्रभाव वाढला. त्याहून मोठा ग्वानिडिनो गट जोडल्यावर तो मूळ संयुगाच्या हजारो पटींवर गेला. हे संशोधन १९९३ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले व १९९९ मध्ये औषधास मान्यता मिळाली.

मात्र ज्या ग्वानिडिनो गटामुळे रेणू विकरास घट्ट बिलगतो, त्याच गटामुळे तो अतिध्रुवीय होतो आणि आतड्यातून फारसा शोषला जात नाही. त्यामुळे झानामिवीर श्वासावाटे घ्यावे लागते. बंधाची ऊर्जा मोजणाऱ्या आज्ञावलीला रुग्णाच्या आतड्याविषयी काही विचारलेच नव्हते! त्याच वर्षी मान्यता मिळालेले ओसेल्टामिवीर तोंडावाटे घेता येते. परंतु ते बसताना क्रियास्थळातील एका अमिनो आम्लाला आपली जागा बदलावी लागते. एन-१ प्रकारच्या न्यूरामिनिडेजमध्ये २७५ व्या स्थानी हिस्टिडीनऐवजी टायरोसीन आले की हा बदल अवघड होतो. २००७ ते २००९ या काळात एच-१ एन-१ च्या हंगामी वाणांत हे उत्परिवर्तन जगभर पसरले. नैसर्गिक रेणूशी अधिक साम्य राखणारे झानामिवीर त्या वाणांवरही प्रभावी राहिले.

आपल्या महाविद्यालयांच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. प्रोटीन डेटा बँकेतील रचना आणि ‘ऑटोडॉक’सारख्या आज्ञावल्या विनामूल्य उपलब्ध आहेत. अल्फाफोल्डमुळे प्रयोगाने न सापडलेल्या रचनांचेही भाकीत मिळते. या कार्यास २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. साहजिकच एखाद्या वनस्पतीतील घटक घ्यावा, तो प्रथिनात बसवावा आणि उणे आठ किलोकॅलरी हा आकडा पाहून त्यास संभाव्य औषध म्हणावे, असे प्रकल्प सोपे झाले आहेत. असे निष्कर्ष सावधपणे घ्यावयास हवेत असे प्रस्तुत लेखकास वाटते. सामान्य तापमानास सुमारे १.४ किलोकॅलरीचा फरक म्हणजे बंधनशक्तीत दहापट फरक. आणि या आज्ञावल्यांची अंदाजातील चूकच दोन किलोकॅलरींच्या आसपास असते. म्हणजे दोन संयुगांतील अर्ध्या किलोकॅलरीच्या फरकावरून क्रम लावण्यास आधार उरत नाही.

विद्यार्थ्यांकडून किमान एक चाचणी अवश्य करून घ्यावी. स्फटिकरचनेत आधीच असलेला रेणू बाहेर काढून आज्ञावलीने तो पुन्हा बसवावा. मूळ स्थितीपासून त्याचे विचलन दोन अँगस्ट्रॉमच्या आत आले नाही, तर त्याच मांडणीत नवा रेणू बसवण्याची घाई करू नये.