गळ्याची गाठ आणि उपचारांची शिस्त

खोताच्या वाडीतील दोन शेजारणींच्या गळ्याशी सारखीच गाठ निघावी, एकीची थायरॉइड ग्रंथी अर्धी काढली जावी, दुसरीची सगळी काढून वर किरणोत्सर्गी आयोडीनही दिले जावे, आणि हा भेद रोगामुळे नव्हे, तर केवळ निराळ्या दवाखान्याचा जिना चढल्यामुळे पडावा, हे कोणाही सुबुद्ध नागरिकास पटणारे नाही.

स्त्रियांत अधिक आढळणारा हा कर्करोग बहुधा संथ गतीचा असतो. योग्य उपचारांनी बहुसंख्य रुग्ण दीर्घायुषी होतात. म्हणूनच येथे अतिरेकही तितकाच घातक. संपूर्ण ग्रंथी काढली की जन्मभर रोजची गोळी आली. शेजारच्या ग्रंथींना इजा झाल्यास रक्तातील कॅल्शियम घटते, स्वराची नस दुखावल्यास आवाज जातो. दक्षिण कोरियात सरसकट तपासण्यांमुळे २०११ साली या रोगाची निदाने १९९३ च्या पंधरा पट झाली. मृत्यूंचे प्रमाण मात्र जवळजवळ तेवढेच राहिले. उलटपक्षी, ‘मेड्युलरी’ प्रकारावर आयोडीनचा उपयोग होत नाही. तेव्हा प्रकार न ओळखता उपचार करणे म्हणजे मोलाचा वेळ दवडणे होय.

या शहरास साधनांची वाण नाही. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून उभे आहे. किरणोत्सर्गी आयोडीनचे उपचार करणारे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ मध्ये परळलाच निघाले. २०१२ साली स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने देशभरच्या रुग्णालयांसाठी उपचारांचे समान दंडक आखून दिले आहेत. उणीव आहे ती ते सर्वत्र पाळण्याची.

प्रत्येक रुग्ण निराळा असतो, हा वैद्यांचा आक्षेप आम्हांस मान्य आहे. परंतु व्याकरणाने लेखकाची प्रतिभा मारली जात नाही, तशीच दंडकाने वैद्याची प्रज्ञाही कुंठित होत नाही. दंडक सोडावयाचा तर खुशाल सोडावा. मात्र त्याचे कारण रुग्णाच्या कागदावर लिहावे.

शस्त्रक्रियेपूर्वी गाठीची सुईने तपासणी, ठराविक नमुन्यातील पॅथॉलॉजी अहवाल, तज्ज्ञांचा एकत्रित विचार आणि पुढील पाठपुरावा, एवढे तरी प्रत्येक रुग्णालयाने बंधनकारक मानावे, अशी आमची मागणी आहे. उत्तम उपचार हा पत्त्याचा वा पैशाचा योगायोग नसावा. तो रुग्णाचा हक्क ठरावा.