गेममधलं बोइंग ७७७ खऱ्या विमानाच्या किती जवळ जातं?

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर खेळणाऱ्यांच्या गप्पांत ‘पीएमडीजी ७७७’ हे नाव हमखास येतं. गेमसोबत विमानं मिळतातच, मग लोक वेगळे पैसे मोजून हे का घेतात? कारण ते फक्त ७७७ सारखं दिसत नाही, बऱ्याच अंशी तसं वागतं.

मूळ विमान

७७७ ने पहिलं उड्डाण १९९४ मध्ये केलं. संपूर्णपणे कॉम्प्युटरवर डिझाइन झालेलं हे पहिलं प्रवासी विमान. एअर इंडियाच्या ताफ्यातही असलेलं ७७७-३००ईआर सुमारे ७४ मीटर लांब आहे आणि साडेतीनशे टन वजन घेऊन उडू शकतं. एवढा भार फक्त दोन इंजिनं पेलतात. एकेका इंजिनाच्या पंख्याचा व्यास सव्वातीन मीटर!

बटणामागचं काम

साध्या मॉडेलमध्ये बरीच बटणं शोभेची असतात. इथे मात्र क्रम पाळावा लागतो. आधी बॅटरी, मग शेपटीतलं छोटं इंजिन म्हणजे एपीयू, आणि त्याच्या दाबाच्या हवेवर मोठी इंजिनं सुरू. एपीयूची हवा बंद ठेवलीत आणि बाहेरूनही हवा मिळाली नाही, तर इंजिन फिरणारच नाही. म्हणजे वीज, हवा, इंधन आणि हायड्रॉलिक्स एकमेकांशी जोडलेले असतात, आणि हे सगळे संबंध कोडमध्ये लिहावे लागतात.

खरी कसोटी

७७७ हे बोइंगचं पहिलं फ्लाय-बाय-वायर प्रवासी विमान. पायलटचा हात आणि पंख यांच्यामध्ये कॉम्प्युटर बसलेला असतो. हवेत असताना पायलट ट्रिमचं बटण दाबतो, तेव्हा तो खरं तर विमानाला ‘हा वेग धर’ असं सांगतो. वेग त्याहून कमी झाला की विमान आपणहून नाक खाली करू पाहतं, वाढला की वर. गेमचं इंजिन हवेचा जोर मोजतं, पण मधल्या कॉम्प्युटरचं डोकं मॉडेल बनवणाऱ्यांना वेगळं लिहावं लागतं. जमलं तर विमान हातात जड आणि शांत वाटतं. नाही जमलं, तर सुंदर कॉकपिट असूनही खेळणंच वाटतं.

जे घरी येत नाही

खऱ्या ७७७ मध्ये ऑटोथ्रॉटल चालू असताना थ्रॉटलचे दांडे स्वतः पुढे-मागे सरकतात. पायलटला हाताखाली कळतं की इंजिनाची ताकद वाढतेय. घरच्या साध्या जॉयस्टिकचा दांडा मात्र जागचा हलत नाही. कंट्रोलचा खरा जोर आणि शरीराला बसणारे हिसकेही नसतात.

मग पायलट व्हायला उपयोग?

आहे, पण मर्यादित. चेकलिस्ट, बटणांचा क्रम, फ्लाइट कॉम्प्युटरमध्ये मार्ग भरणं हे घरी मस्त पक्कं होतं. पण हे तास लायसन्ससाठी धरले जात नाहीत. एअरलाइन्स प्रशिक्षणासाठी हलणारे, प्रमाणित फुल-फ्लाइट सिम्युलेटर वापरतात. घरात कुणी पायलट व्हायचं म्हणत असेल, तर गेम जरूर खेळू द्या, फक्त त्याला फ्लाइंग स्कूलचा पर्याय समजू नका.