रात्रीच्या गाडीआधीचे संभाजीनगर

मराठवाड्याची राजधानी म्हणून ओळखले जाणारे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३पर्यंतचे औरंगाबाद, हे बहुसंख्य पर्यटकांच्या लेखी वेरूळ आणि अजिंठा या दोन नावांमधले मुक्कामाचे गाव असते. सकाळी उतरून रात्रीच्या गाडीने नागपूर, मुंबई किंवा अन्यत्र निघणाऱ्या प्रवाशाच्या हाती मात्र जो एक दिवस मोकळा राहतो, तो वेरूळच्या धावपळीत घालवण्यापेक्षा शहरातच घालवला तर अधिक सार्थकी लागतो. कारण या शहरातील अनेक जुन्या वास्तूंचा संबंध कोणत्या ना कोणत्या प्रकारे वाटसरूंशी आहे.

दिवसाचा आरंभ उन्हे चढण्यापूर्वी विद्यापीठामागच्या डोंगरात करावा. तेथे साधारणतः सहाव्या-सातव्या शतकात कोरलेली बारा बौद्ध लेणी तीन गटांत विभागलेली असून, त्यांपैकी चौथे लेणे, म्हणजे स्तूप असलेले चैत्यगृह, इतरांपेक्षा बरेच जुने आहे. तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यात बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून, हात जोडून बसलेल्या स्त्रीपुरुषांच्या जवळजवळ माणसाएवढ्या मूर्ती आहेत. त्यांची केशरचना, अलंकार आणि चेहऱ्यांवरील भाव इतके निरनिराळे आहेत की देवतेपेक्षा भक्तांकडेच नजर अधिक वेळ खिळून राहते. परंतु प्रवाशासाठी खरे महत्त्वाचे आहे ते पूर्वेकडच्या गटातील सातवे लेणे. त्याच्या दर्शनी भिंतीवर अवलोकितेश्वराचे, म्हणजे करुणेचे मूर्त रूप मानल्या गेलेल्या बोधिसत्त्वाचे, भव्य शिल्प असून त्याच्या दोन्ही अंगांना आठ लहान चौकटींमध्ये 'अष्टमहाभय' कोरलेले आहे: आग, शस्त्रधारी शत्रू, बेड्या, बुडणारे जहाज, सिंह, सर्प, पिसाळलेला हत्ती आणि मृत्यू. प्रत्येक चौकटीत संकटात सापडलेला माणूस बोधिसत्त्वाचा धावा करताना दिसतो. भय निवडताना शिल्पकाराने तांड्यांबरोबर चालणाऱ्या आणि समुद्र ओलांडणाऱ्या व्यापाऱ्यांचे जग डोळ्यांपुढे ठेवले असावे, हे या यादीवरूनच उघड होते. हत्ती आणि सिंह आता वाटेत भेटत नाहीत. यादीतील बाकीची भये मात्र रातराणीने जाणाऱ्याला अगदीच परकी वाटू नयेत. याच लेण्याच्या गाभाऱ्यात वादक स्त्रियांच्या मेळ्यात नाचणाऱ्या स्त्रीचे शिल्प आहे आणि दख्खनच्या शिल्पकलेत त्याच्या तोडीची शिल्पे फार थोडी आहेत.

डोंगर उतरताना लागणारा नागसेनवनाचा परिसर थांबून पाहण्याजोगा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५०मध्ये येथे सुरू केलेल्या महाविद्यालयाला 'मिलिंद' हे नाव दिले. नागसेन भिक्षू आणि ग्रीक वंशाचा राजा मिलिंद यांच्यातील प्रश्नोत्तरांचा 'मिलिंदपञ्ह' हा पाली ग्रंथ या दोन्ही नावांच्या मुळाशी आहे.

बीबी का मकबरा ही औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू हिची कबर असून तिचा मृत्यू १६५७मध्ये झाला. ताजमहालाच्या रचनाकारांपैकी उस्ताद अहमद लाहोरी याचा मुलगा अताउल्ला याने ती रचली. ताजशी तुलना करून तिला नावे ठेवण्याची जुनी सवय आहे, पण ती वास्तूवर अन्याय करणारी आहे. संगमरवर येथे इजाऱ्यापर्यंत, म्हणजे भिंतीच्या खालच्या पट्ट्यापर्यंत, आणि पुढे थेट घुमटालाच वापरला असून मधला सारा भाग काळ्या दगडावर घोटलेल्या चुन्याच्या गिलाव्याने सजवला आहे. मर्यादित खर्चात गवंड्याने दाखवलेले कसब म्हणून तो गिलावा जवळून पाहावा. सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना या मकबऱ्यासाठीचा संगमरवर लादलेल्या सुमारे तीनशे गाड्या वाटेत दिसल्या, असे फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने नोंदवले आहे.

पाणचक्की हे नाव पाण्यावर चालणाऱ्या पिठाच्या जात्याचे आहे. बुखारा परिसरातून आलेले सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ अठराव्या शतकात हे जाते उभारले गेले. नावातच 'मुसाफिर' असलेल्या या संताच्या ठिकाणी येणाऱ्या फकिरांना आणि यात्रेकरूंना पीठ पुरवणे हे त्याचे काम होते. कित्येक किलोमीटर अंतरावरच्या विहिरीतून मातीच्या नळांनी आणलेले पाणी उंच भिंतीवर चढवून हौदात सोडले जाते आणि त्याच्या जोरावर जात्याचे चक्र फिरते. या तंत्राची परंपरा शहराच्या जन्माइतकी जुनी आहे. गुलाम म्हणून इथिओपियातून आलेला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला मलिक अंबर याने १६१०मध्ये खडकी या नावाने हे नगर वसवले आणि डोंगरपायथ्याचे भूजल जमिनीखालच्या नहरींनी गावात खेळवले. आज या नहरींची झालेली दुर्दशा ही, पाण्यासाठी दिवसांचे अंतर मोजणाऱ्या शहराला शोभणारी गोष्ट नाही.

'बावन्न दरवाजांचे शहर' ही ख्याती आता अपुऱ्या संख्येवर उभी आहे. उरलेल्या दरवाजांपैकी भडकल दरवाजा मलिक अंबरच्या काळचा, तर दिल्ली, पैठण ही नावे त्या त्या दरवाजातून निघणाऱ्या वाटेची. संध्याकाळी जुन्या शहरात नान-खलिया खावा. मसालेदार रश्श्यातले मटण आणि तंदुरातले पिवळसर नान असे हे जेवण मुहंमद तुघलकाच्या दौलताबादकडे निघालेल्या लवाजम्याबरोबर आले, असे परंपरेने सांगितले जाते.

पाणचक्कीपासून मध्यवर्ती बसस्थानक जवळ असल्याने अखेरचा टप्पा सोयीचा पडतो. वेळ कमी असेल तर दरवाजे जाता जाता पाहावेत, मकबऱ्यात तासभरच थांबावे. सातवे लेणे मात्र गाळू नये.